कुंडलिक कातारीचा सांधा

निरगुडसरात दोन भावांची वाटणी झाली, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, भांडीकुंडी झाली आणि शेवटी राहिली आईची बाज. थोरला म्हणाला माझी, धाकटा म्हणाला माझी. पंचांपैकी एकानं तोडगा काढला की बाज मोडा, खूर, म्हणजे पाय, एकाला द्या आणि गाते, म्हणजे आडव्या दांड्या, दुसऱ्याला. असा तोडगा पंचांनाच सुचू शकतो. मग दोघं भाऊ दोन बाजूंनी धरून ओढू लागले. हातोडी मारून झाली, बाज उलटी करून झाली, थोरल्यानं खुराला पाय टेकवून जोर लावला. गातं खुरातून तसूभर हललं नाही. शेवटी घामाघूम होऊन दोघं त्याच बाजेवर टेकले, तेव्हा आतून म्हातारी म्हणाली की दमला असाल तर उठा, मला जरा पडायचंय. ती असेपर्यंत बाज तिच्याकडेच राहिली.

ती बाज कुंडलिक कातारीनं केलेली होती. हा किस्सा कुंडलिक स्वतः कधी सांगत नाही. कुणीतरी तो सांगेल अशा ठिकाणी जाऊन फक्त बसतो.

कुंडलिकचं वय आज एकसष्ट. अंगानं वाळका, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, आणि भुवयांवर कायम लाकडाची भुकटी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा लेथ आहे. बापाच्या वेळी तो पट्ट्यानं आणि पायानं फिरायचा, आता मोटारीवर फिरतो. या लेथवर त्यानं बाजांचे खूर कातले, पाळण्यांचे खांब कातले, लाटणी, रव्या, देव्हाऱ्यांचे कळस कातले. मंचरपासून पारगावपर्यंत अशी घरं कमी, जिथं त्याच्या हातचं काही नाही. मग लोकांना लोखंडी पलंग आवडायला लागले, त्यानंतर प्लायवूडचे पेटीसारखे पलंग आले आणि लेथवर जाळी धरायला लागली. कुंडलिक रोज सकाळी ती जाळी झाडायचा आणि काम असल्यासारखा तिथं बसायचा. बायको शीला त्याला तिथंच चहा नेऊन द्यायची. ती कधी काही बोलली नाही, याबद्दल तिचे आभार मानायला हवेत, पण कुंडलिकनं ते मानल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

बापाचं नाव जानकू, घरात सगळे त्याला आबा म्हणायचे. जानकूची एक रीत होती. शिकणाऱ्यानं नक्षी कितीही सुबक काढली तरी वस्तूच्या बुडाला रेघ मारायची त्याला परवानगी नसे. ज्या दिवशी त्याच्या हातचा सांधा जानकूला दोन्ही हातांनी ओढूनही सुटणार नाही, त्या दिवशी रेघ मिळायची. जानकूच्या वस्तूला बुडाशी एक रेघ असे. कुंडलिकनं पाच वर्षं ओढाताण सोसली आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला दुसरी रेघ मिळाली. त्या दिवशी जानकूनं घरात शिरा करायला सांगितला होता. तेव्हापासून या घरातून जे काही गेलं त्याच्या बुडाला दोन रेघा आहेत.

तिसरी रेघ कुंडलिकच्या मुलाला, अमृतला मिळायची होती. अमृतला कातारकाम जमत नव्हतं असं नाही, पण भुकटीनं त्याला शिंका यायच्या. एक खूर कातेपर्यंत चाळीस शिंका. तो चाकणला कंपनीत लागला, तिथंच खोली घेऊन राहिला आणि सुट्टीला घरी यायला लागला. कंपनीत शिंका येत नाहीत म्हणतो. त्यानंतर कुंडलिकनं रेघेचा विषय घरात काढला नाही.

आता सून. तेजस्विनीचं माहेर अवसरी खुर्द. गावातल्याच कॉलेजात तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि लग्नाआधी दोन वर्षं ती चाकणच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या कामावर होती. आरोही झाली तेव्हा तिनं काम सोडलं. पोरगी दोन वर्षांची झाल्यावर अमृतनं सुचवलं की आता तू पुन्हा कंपनीत लाग, आपण तिघं चाकणलाच राहू. म्हणणं वावगं नव्हतं. पण तेजस्विनीला कंपनीच्या बसची वेळ नकोशी वाटायची, आणि तिथं दुसऱ्यानं केलेल्या मालावर शिक्का मारण्यापलीकडे तिला काही करायला मिळत नव्हतं. तिला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ते तन्वीरनं आणून दिलं. तन्वीर म्हणजे जुन्नरच्या वलीभाईंचा मुलगा. वलीभाईंचं फर्निचरचं दुकान कुंडलिकच्या खुरांवर वीस वर्षं चाललं होतं. आता तन्वीर हॉटेलांना आणि रिसॉर्टना लाकडी सामान पुरवतो. मार्च महिन्यात एक दिवस तो निरगुडसरला आला आणि त्यानं पिशवीतून वीतभर उंचीची एक लाकडी बाहुली काढून बाजेवर ठेवली. निदान कुंडलिकला ती बाहुलीच वाटली. तन्वीरनं तिचं डोकं फिरवलं आणि खालून काळ्या मिरीची पूड तळहातावर पडली.

मिरीची चक्की होती ती. माळशेज घाटातल्या एका रिसॉर्टला तशा एकशेवीस हव्या होत्या. दळायचं लोखंडी यंत्र तन्वीर देणार, बाकी सगळं लाकूडकाम. कुंडलिकनं चक्की उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं की मिरी कुटायला लोकांच्या घरात खलबत्ते संपले का. तन्वीर हसला. तो चक्की पिशवीत टाकणार तेवढ्यात तेजस्विनीनं ती मागून घेतली. तिनं वरची चकती सोडवली, डोकं उचललं, आतला दांडा काढला आणि सगळे भाग ओळीनं मांडून ती व्हर्नियरनं मोजायला बसली. संध्याकाळपर्यंत वहीत चित्र तयार होतं. तन्वीरनं काम तिच्या नावावर दिलं आणि सांगितलं की हे नीट झालं तर पुढचं कामही वहिनींचंच. अमृतशी फोनवर बोलणं झालं आणि ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं. जमलं तर तेजस्विनी निरगुडसरलाच राहून हेच करणार, नाही जमलं तर दिवाळीनंतर तिघं चाकणला.

म्हणजे कुंडलिकच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. चक्क्या जमल्या तर शेड चालू आणि नात अंगणात. नाही जमल्या तर तो, शीला आणि जाळी.

काम सुरू झालं. नदीकाठची वाळलेली बाभूळ त्याच्याकडे पडून होतीच. धड कातायचं, आरपार पोकळ करायचं, वर डोकं बसवायचं. डोक्याच्या खाली एक मान ठेवायची, ती धडाच्या तोंडात उतरते आणि तिथं गरगर फिरते. या मानेवरून पहिला खटका उडाला. तेजस्विनीनं वहीत लिहिलं होतं की मान आणि तोंड यांच्यात अर्धा मिलिमीटर जागा सोडायची. कुंडलिकनं तशी एक करून पाहिली. डोकं धडात ठेवलं आणि हलवलं तर ते किंचित डुललं. त्यानं ते पुन्हा हलवून कानाशी धरलं.

"हे खुळखुळं वाजतंय," तो म्हणाला. "माझ्या हातून असलं कधी गेलं न्हाई."

तेजस्विनीनं समजावून सांगितलं की हा सांधा धरून ठेवायचा नाही, फिरवायचा आहे, लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. तिनं हेही सांगितलं की माळशेजला पावसाळ्यात चार महिने ढग खाली उतरलेले असतात. कुंडलिकनं मान हलवली. पहिल्या दहा चक्क्या तिच्या देखरेखीखाली, तिच्या मापानं झाल्या. तिनं प्रत्येकीच्या डोक्यात आतल्या बाजूला पेन्सिलीनं एक ते दहा आकडे घातले. मोठ्या लाकडाचा गोल ओंडका करून देण्याइतका लेथही ती एव्हाना चालवू लागली होती.

एप्रिलच्या शेवटी तिच्या भावाचं लग्न निघालं आणि ती आरोहीला घेऊन पंधरा दिवस अवसरीला गेली.

आता शेडमध्ये कुंडलिक आणि लेथ दोघंच. बाहेर ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावेत. लाकूड खणखणीत वाळलेलं. कुंडलिकनं अकरावी चक्की घेतली आणि मान उतरवत, म्हणजे कातून बारीक करत, तिच्या मापाच्या थोडी अलीकडेच पटाशी थांबवली. डोकं बसवून पाहिलं. डुललं नाही, वाजलं नाही, आणि फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं. वर्षानुवर्षं न झालेलं सुख त्याला झालं. पोरगी हुशार आहे, त्यानं मनाशी म्हटलं, पण लाकूड काही पुस्तकात वाढत नाही. एकशेदहा चक्क्या त्यानं तशाच घट्ट केल्या. बुडाला दोन-दोन रेघा मारल्या. निरगुडसर पडलं तालुक्याच्या उन्हाळी अंगाला, तिथं आभाळ आलं तरी लोक आधी विश्वास ठेवत नाहीत. घाटमाथ्याच्या ओलीची कल्पना तिथं बसून कुणाला येणार. खरं तर येऊ शकत होती, कारण ती त्याला शब्दांत सांगितली गेली होती.

तेजस्विनी परतली तेव्हा सगळ्या चक्क्या पुसून, मेणाचं तेल लावून सतरंजीवर रांगेत उभ्या होत्या. तिनं एक उचलून फिरवली. सुरेख फिरली. तिनं कपाटातून व्हर्नियर काढला. कुंडलिक समोरच बाजेवर बसला होता, हातात चहा, नजर तिच्याकडे. तिनं व्हर्नियर क्षणभर हातात धरला आणि पुन्हा डबीत ठेवला. कारखान्यात तिनं बड्या बड्या मिस्त्रींचा माल मागे पाठवला होता. पण सासऱ्याच्या देखत त्याच्या कामाला माप लावणं तिच्या जिवावर आलं. कुंडलिकनं ते पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. पुढे त्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची होती.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तन्वीर आला. फोन न करता आला, आणि गाडीतून त्यानं दोन मोठी खोकी उतरवली. रिसॉर्टनं सगळ्या चक्क्या परत केल्या होत्या. टेबलावर बसलेलं गिऱ्हाईक चक्की फिरवायला जातं आणि ती फिरत नाही. एका आचाऱ्यानं पकड लावून जोर केला तर धडच उभं चिरलं. अशा तीन फुटल्या होत्या. बाजेवर चहा घेत बसलेल्या कुंडलिकच्या हातात तन्वीरनं एक चक्की दिली. कुंडलिकनं दोन्ही हातांनी डोकं पिळलं. ते हललं नाही. त्यानं दात आवळून पुन्हा पिळलं. नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी पहिल्यांदा त्याला आनंद झाला. सांधा सुटत नव्हता. एका श्वासापुरताच हा आनंद टिकला. मग त्याला समोर तन्वीरचा चेहरा दिसला आणि शेजारी सुनेचा.

तेजस्विनी खोक्यापाशी बसून एक एक चक्की फिरवून बघत होती. पाच-सहा घट्ट निघाल्या, मग एक सहज फिरली. तिनं तिची चकती सोडवली, डोकं उचलून आत पाहिलं आणि पुन्हा होतं तसं बसवून ठेवून दिलं. कुंडलिकला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. ती उठली, पदराला हात पुसले.

"माप माझं चुकलं, तन्वीरभाऊ," ती म्हणाली. "चित्र मी काढलं होतं."

तन्वीरनं कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण त्यानं ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. तन्वीर भला माणूस. त्यानं आवाज चढवला नाही. रिसॉर्टवाले आता मशीनवरचा माल बाहेरून मागवायचं म्हणतायत, मी तरी त्यांना काय सांगू, एवढंच तो म्हणाला आणि खोकी तिथंच ठेवून गेला.

त्यानंतरचे तीन दिवस घरात नेहमीसारखेच गेले. तेजस्विनीनं स्वयंपाक केला, आरोहीला न्हाऊ घातलं, वही कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. तिसऱ्या दिवशी तिला अंगणात जुन्या कारखान्यातल्या कुणाशी तरी फोनवर बोलताना कुंडलिकनं ऐकलं. जागा आहे का, पाळी कुठली मिळेल, बस मंचरहून सुटते का, असं ती विचारत होती. आवाज अगदी साधा होता. त्यामुळेच कुंडलिकला तो सहन झाला नाही आणि तो शेडमध्ये जाऊन बसला.

तिथं खोकी होती. त्यानं एक चक्की काढून फिरवली तर ती फिरली. जोर लागला, पण फिरली. दुसरीही थोडी फिरली. तीन दिवस पत्र्याखाली राहून लाकूड वाळलं होतं. कुंडलिक ताठ झाला. दोष मालात नाहीच मुळी. दोष त्या माळशेजच्या हवेत. जुन्नरला फोन लावावा आणि सांगावं की आमच्याकडं येऊन बघा, फिरतायत का नाही. फोन त्यानं खिशातून काढलाही. मग आपलं सुनेपुढे तरी खरं व्हावं म्हणून त्यानं आधी एक खात्री करायची ठरवली. सहज फिरणारी एक चक्की आणि जड फिरणारी एक, अशा दोन त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या.

सकाळी फडकी सोडली. जड फिरणारी दगडासारखी घट्ट झाली होती. दुसरीचं डोकं मात्र एका बोटानं फिरलं. त्यानं चकती सोडवून आत पाहिलं. पेन्सिलीनं लिहिलेला आकडा होता, सात.

कुंडलिकनं दोन्ही खोकी उपसली. चिंब पोतं पसरून चक्क्या त्यावर मांडल्या आणि दुसरं ओलं पोतं वरून टाकलं. दुपारी बघितलं. फिरणाऱ्या बरोबर दहा निघाल्या. दहाही आकड्यांच्या. मग त्याच्या लक्षात आलं की तन्वीरसमोर डोकं उचलून तिनं काय पाहिलं होतं. तिला तेव्हाच कळलं होतं. कळल्यावर ती उभी राहिली, हात पुसले आणि चूक आपल्या नावावर घेतली. बाजेवर बसून चहा पिणाऱ्या सासऱ्याला तिनं वाचवलं, आणि आता ती बसची वेळ विचारत होती.

त्यानं त्या दहा चक्क्या वेगळ्या काढून ठेवल्या. शीला चहा घेऊन आली. त्याच्यापुढची पोती पाहून ती काय ते समजली असावी. ती म्हणाली, "तोंडात काय अडकलंय ते बाहेर काढा एकदाचं." आणि चहा ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकनं धुतलेली टोपी घातली, दोन चक्क्या पिशवीत टाकल्या आणि मंचरला कामाला जातो असं सांगून निघाला. मंचरहून नारायणगाव, नारायणगावहून जुन्नर. चतुर्थी होती, लेण्याद्रीला निघालेल्या माणसांनी एसटी गच्च भरलेली. नारळाची पिशवी मांडीवर घेतलेली एक बाई त्याला म्हणाली की पावणं, तुमीबी गणपतीलाच का. तो म्हणाला, न्हाई, मी दुसऱ्या कामाला. उभ्यानं प्रवास करताना तो मनाशी वाक्य जुळवत होता. चाळीस वर्षांत असलं वाक्य त्याला लागलं नव्हतं, त्यामुळे ते नीट जुळेना.

दुकानात वलीभाई खुर्चीवर बसले होते. आता ते हिशेब बघत नाहीत, फक्त बसतात आणि मुलाला सूचना देतात. तन्वीर फोनवर होता. कुंडलिकनं तो संपायची वाट पाहिली. मग दोन्ही चक्क्या काउंटरवर ठेवल्या, एक फिरवून दाखवली, दुसरी न फिरणारी दाखवली.

"ही फिरती ती सुनेच्या मापाची. ही माझी," तो म्हणाला. "तिनं जागा सोडायला सांगितलं व्हतं. मला ढिलं करायची लाज वाटली. माप तिचं बरोबर व्हतं तन्वीर, हात माझा चुकला."

तन्वीरनं दोन्ही चक्क्या फिरवून पाहिल्या. मग हळूच विचारलं की मग वहिनी तसं का म्हणाल्या.

"मी समोर बसलो व्हतो की," कुंडलिक म्हणाला. "आन् मी तसाच बसून ऱ्हायलो."

वलीभाईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी काठीनं दाराजवळच्या स्टुलाकडे बोट केलं. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, सत्त्याण्णव साली कुंडलिकनंच कातलेला, आणि आजवर कुंडलिकचं म्हणणं असं होतं की दुकानाची फरशी वाकडी आहे. वलीभाई म्हणाले की आता आलाच आहेस तर त्याचंही सांगून टाक. कुंडलिकनं जाऊन स्टूल हलवून पाहिलं. मग म्हणाला की पाय आखूड हाय. वलीभाईंनी मुलाला चहा सांगायला लावला, बरोबर खारी पण सांग म्हणाले.

तन्वीरनं रिसॉर्टला फोन लावला. आपलं वजन खर्ची घालून त्यानं पंधरा दिवस मागून घेतले. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं की माल आता तपासून कोण देणार. कुंडलिक म्हणाला, ती.

तो घरी पोचायच्या आत तन्वीरचा तेजस्विनीला फोन झालेला होता. ती ओट्यावर आरोहीला भरवत होती. त्याला बघून ती उठली. तिचे डोळे भरले होते. कुंडलिकला अशा वेळी काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं. त्यानं पायताण काढलं, पाय धुतले आणि विचारलं की वही कुठं ठेवलीय. तिनं फळीवरून वही काढून दिली. संध्याकाळी तिनं कारखान्यातल्या त्या माणसाला फोन करून सांगितलं की तूर्त माझं नाव घालू नका.

मग माना उतरवायचं काम. पहिलं डोकं लेथवर चढवलं. कुंडलिकनं पटाशी लावली, सालपट निघालं, त्यानं हात काढून घेतला. तेजस्विनी बाजूला उभी होती, व्हर्नियरची डबी हातात, पण उघडलेली नाही.

"लाव माप," तो म्हणाला. "माझ्या देखत लाव."

तिनं लावलं. म्हणाली, थोडं राहिलंय, तात्या. त्यानं आणखी एक सालपट काढलं. अजून थोडं, ती म्हणाली. त्याचा हात पुन्हा अलीकडेच थांबला. आयुष्यभराची सवय, ती एका सकाळीत कुठं जाते. तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटून घेतले आणि ती बास म्हणेपर्यंत पटाशी तशीच धरली. डोकं बसवलं तर किंचित डुललं. त्यानं तोंड वाकडं केलं, आणि चक्की ओल्या पोत्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी ती फिरली. अशा एकशेसात माना बारा दिवसांत उतरल्या, आणि प्रत्येकीला माप लागलं. शेवटी शेवटी तर माप लागल्याशिवाय तो पुढचं डोकं हातात घेईना.

फुटलेल्या तीन चक्क्या नव्यानं करायच्या होत्या. त्या कुंडलिकनं तिला करायला सांगितल्या. तो बाजेवर बसून बघत राहिला, आणि त्याला किती वेळा उठावंसं वाटलं ते त्यालाच माहीत. पहिलीचं धड थोडं जाड झालं. दुसरी बरी. तिसरी संपली तेव्हा तिनं लेथ न थांबवता पटाशी त्याच्यापुढे धरली, बुडाला रेघा मारायला.

कुंडलिक उठला. त्यानं एक रेघ मारली, जानकूची. दुसरी मारली, स्वतःची. मग पटाशी तिला परत दिली.

"तिसरी तू मार."

तेजस्विनीला रेघांची सगळी गोष्ट माहीत होती, शीलानं लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितली होती. अमृतचा त्यात काय विषय आहे, तेही माहीत होतं. तिनं पटाशी घेतली नाही.

"ती न सुटणाऱ्या सांध्याची रेघ ना, तात्या," ती म्हणाली. "हा तर फिरतो."

कुंडलिकनं मान खाजवली. भुवईवरची भुकटी नाकावर पडली.

"आबांनी मिरीची चक्की कुठं बघितली व्हती," तो म्हणाला. "मार तू."

तिनं पटाशी टेकवली. रेघ उमटली, शेवटाला जरा हलली. कुंडलिकनं लेथ बंद केला, चक्की सोडवून उजेडात धरली आणि बुडावरून अंगठा फिरवला. वाकडी होती. राहू दे, तो म्हणाला, आणि शीलाला हाक मारून विचारलं की घरात रवा आहे का, शिरा करायचाय.

मग दोघांनी मिळून खोकी पुन्हा उघडली आणि बांधून ठेवलेल्या एकशेसतरा चक्क्या बाहेर काढल्या, कारण त्यांच्या बुडाला अजून दोनच रेघा होत्या.